पालिका शाळेतल्या मागे पडलेल्या मुलांना शिकवणी: शाळेच्या वेळेत की शाळा सुटल्यावर?

काना_मात्रा
मुंबईच्या गोवंडी, मानखुर्द, मालवणी भागात संध्याकाळी मोफत शिकवण्या चालतात. हेतू चांगलाच आहे. पण एका खोलीत तिसरी ते सातवीची तीसेक मुलं, एक ताई आणि वह्यांतला गृहपाठ, एवढ्यावर अंतर कमी होत नाही. गृहपाठ पुरा होतो, मूल अडलंय तिथंच राहतं. माझं म्हणणं असं: शिकवणी शाळेच्या वेळेतच द्या, गट इयत्तेनुसार नव्हे तर स्तरानुसार करा आणि एका गटात चारच मुलं घ्या.

स्तर ठरवायला 'असर' या शिक्षण-पाहणीतली चाचणी पुरते. वाचनात अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. गणितात अंकओळख, हातच्याची वजाबाकी, भागाकार. प्रत्येक मुलाची एकेकट्यानं, तोंडी घ्यायची.

चारच का, ते एका उदाहरणात सांगतो. पाचवीतलं मूल ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहितं. त्यानं दोन्ही घरांत मोठ्यातून लहान काढलंय: ७ मधून २, ५ मधून २. दशक सुटा करता येतो हे त्याला कधी दिसलेलंच नाही. 'हातचा घे' असं दहा वेळा सांगून ते दिसणारही नाही. त्याच्यासमोर आईस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवा आणि त्यातून सत्तावीस मागा. दोन गठ्ठे पटकन देतं. सात सुट्या द्यायच्या म्हणजे एका गठ्ठ्याचं रबर काढायला हवं, तिथे हात थांबतो. चौघांत तो थांबलेला हात दिसतो, तिसांत नाही.

शिवाय 'सत्तावीस' ऐकून ७२ लिहिणारी मुलं असतात, कारण मराठीत सात आधी बोलला जातो. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये 'वीस सात' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. उपाय पटो न पटो, अडचण खरी आहे.

आठवड्यातून चार दिवस, रोज ३० मिनिटं, १२ आठवडे. म्हणजे २४ तास, आणि ताई तीच हवी. दर चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेऊन गट बदलायचे.

खडू_फळा
स्तरानुसार गट मान्य. बाकीशी पूर्ण असहमत.

मुलाला वर्गातून उठवायचं ते कुठल्या तासाला? खेळ-चित्रकलेच्या तासाला उठवलं तर ती शिक्षाच झाली. गणिताच्या तासाला उठवलं तर वजाबाकी सुधारेल, पण वर्गात अपूर्णांक सुरू झालेले असतील. परत येऊन बसल्यावर त्याला फळ्यावरचं काहीच कळणार नाही. शिवाय रोज त्याच चौघांची नावं पुकारली की 'ढ मुलं' हा शिक्का आठवडाभरात बसतो.

हा प्रयोग मुंबईत झालेला आहे. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेचा बालसखी कार्यक्रम, २००१ ते २००३, मुंबई आणि बडोदा. मागे पडलेल्या साधारण वीस मुलांना वस्तीतलीच शिकलेली तरुणी शाळेच्या वेळेत रोज दोन तास वेगळं शिकवायची. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या गटानं त्याचं मोजमाप केलं. दुसऱ्या वर्षाअखेर गुणांत ०.२८ प्रमाण विचलनाइतकी वाढ दिसली (प्रमाण विचलन म्हणजे मुलांचे गुण सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप). कार्यक्रम संपून वर्ष झालं, तेव्हा त्यातली ०.१ च्या आसपास उरली. मूल ज्या वर्गात परत गेलं तो होता तसाच राहिला, म्हणून कमावलेलं गळून गेलं.

बाहेरून माणसं आणण्यापेक्षा तिसरी ते पाचवीच्या सगळ्या वर्गांना रोज एक तास एकाच वेळी मोडा. अक्षरवाली मुलं एका बाईंकडे, परिच्छेदवाली दुसऱ्या बाईंकडे. सगळीच मुलं उठतात, त्यामुळे कुणाला वाईट वाटत नाही.

काना_मात्रा
गळती मान्य, आणि ती मोठी आहे. पण त्याच अभ्यासात अजून एक गोष्ट आहे: मुलं बाहेर गेल्यावर वर्गात जी उरली, त्यांना कमी पटाचा काहीच फायदा झाला नाही. म्हणजे फरक पडला तो स्तराला धरून शिकवल्यानं. मग औषध बंद केल्यावर ताप परत आला, तर औषध चुकीचं होतं असं कसं म्हणायचं?

तुमचा सामायिक तास मला आवडतो. पण शिक्षक बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामावर गेला की तो तास सर्वात आधी बुडतो.

एम_पूर्व
दोघांनीही खोली गृहीत धरली आहे. एकाच इमारतीत सकाळ-दुपार दोन पाळ्या चालतात, तिथे ना चौघांना कोपरा मिळतो ना तीन वर्ग मोडायला जागा. व्हरांड्यात बसवलं तर शेजारच्या वर्गातले पाढे कानावर येतात आणि नेमकं वाचन बिघडतं, कारण अक्षर जोडणाऱ्या मुलाला स्वतःचा आवाज ऐकू यावा लागतो. अशा शाळांत संध्याकाळची शिकवणी हाच मार्ग उरतो. ती स्तरानुसार घ्या, पण मोडीत काढू नका.

दुसरं, पालिकेच्या शाळा आठ माध्यमांत आहेत. मराठीत मूल जोडाक्षरांवर अडतं, त्यातही 'र' वर: सूर्य, चक्र, ट्रक, दऱ्या, चार शब्दांत चार रूपं. उर्दू माध्यमात अडचण वेगळी, तिथे अक्षराचं रूप शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी बदलतं. गोवंडीत उर्दू माध्यमाची मुलं भरपूर आहेत. मराठीची ताई त्यांना गणित शिकवेल, वाचन नाही.

आणि चारचाच हट्ट कशाला? बालसखीत तर वीस होती.

काना_मात्रा
वीस, पण रोज दोन तास. मी अर्धाच तास मागतोय, म्हणून चार. ब्रिटनच्या ईईएफ या शिक्षणसंस्थेनं केलेल्या अभ्यासांच्या संकलनात दोन ते पाचच्या गटाला सरासरी चार महिन्यांची जादा प्रगती दिसते आणि एकट्याच्या शिकवणीला पाच. एका महिन्याच्या फरकासाठी चौपट माणसं कुठून आणायची? चार हा मधला हिशेब आहे.

माध्यमाचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. वाचनाची ताई त्या-त्या माध्यमाचीच हवी.

पै_पै
आता पैसा. एक ताई दिवसाला सहा गट घेईल, म्हणजे २४ मुलं. जूनचा निम्मा महिना चाचणीत, पुढे गणपती, दिवाळी, मग परीक्षा. मे महिन्यात मुलं गावाला. वर्षात १२ आठवड्यांच्या दोनच फेऱ्या बसतात, म्हणजे ४८ मुलं. मानधन महिना १२,००० आणि दहा महिने धरले, तर एका मुलामागे २,५०० रुपये. हा पैसा दरवर्षी लागणार.

इंग्लंडनं नोव्हेंबर २०२० मध्ये असा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. सरकारचा वाटा आधी ७५ टक्के होता, मग ६०, मग ५०. उरलेला शाळांनी भरायचा. २०२४ मध्ये तो बंद झाला. त्याआधी २०२२ मध्येच, लाभार्थींपैकी ६५ टक्के मुलं गरीब घरांतली असावीत हे लक्ष्य काढून टाकलं होतं. ज्यांच्यासाठी योजना, त्यांचीच अट गेली. आपल्याकडे अशी योजना निघाली तर तिच्या पहिल्या पानावर लिहा: अक्षर आणि शब्द स्तरावरची मुलं आधी, जागा उरली तर बाकीची.

खडू_फळा
ही अट मलाही मान्य, फक्त अजून एक जोडा. फेरी संपल्यावर सहा महिन्यांनी त्याच मुलांची पुन्हा चाचणी, आणि ती ताईनं नव्हे, दुसऱ्या शाळेतल्या कुणीतरी घ्यायची. १२ व्या आठवड्याचा आकडा मी धरणार नाही.