मदत हवी आहे: आईचं पॅराथायरॉईडचं ऑपरेशन, आधीची तयारी आणि घरी आल्यावरची काळजी

नमस्कार मंडळी,

आई ६१ वर्षांची, राहायला विट्याला. पुढच्या महिन्यात पुण्यात तिचं पॅराथायरॉईडचं (गळ्यातल्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार छोट्या ग्रंथी) ऑपरेशन ठरलंय. आधी मुतखडा झाला, लेझरने काढला, तर परत झाला. मग अंगणात नुसता पाय घसरला आणि मनगट मोडलं. थकवा, बद्धकोष्ठ, सारखी तहान, जमिनीवरून उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर रेटून उठणं, हे सगळं आम्ही आणि डॉक्टरही वयावर ढकलत होतो. मनगटाच्या वेळी हाडांच्या डॉक्टरांनी रक्तातलं कॅल्शियम तपासायला लावलं, तेव्हा उलगडा झाला. कॅल्शियम ११.८ आणि पीटीएच (या ग्रंथींचं हार्मोन) २३६, दोन्ही जास्त; व्हिटॅमिन डी १३, म्हणजे कमी. हाडांची झीज सुचवणारं अल्कलाइन फॉस्फटेजही बरंच वाढलेलं. सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅन (बिघडलेली ग्रंथी शोधायचा स्कॅन), दोन्हींत डावीकडच्या खालच्या ग्रंथीत गाठ दिसतेय.

चारपैकी एकच ग्रंथी बिघडलेली दिसतेय, छोटा छेद पुरेल, असं सर्जन म्हणाले. ऑपरेशनचं मला फारसं भय नाही. भय आहे ते नंतरचं. हाडं खूप झिजलेली असली की ऑपरेशननंतर ती रक्तातलं कॅल्शियम भराभर ओढून घेतात आणि पातळी एकदम घसरते, असं त्यांनी सांगितलंय. विट्यात रात्री-अपरात्री असं झालं तर कराड गाठावं लागेल. तर पुण्यात किती दिवस राहावं? घसरण सुरू झाल्याचं घरच्यांना कसं कळतं?

आणखी एक. नातेवाइकांचं ऐकून आईने दूध-दही बंद केलंय. सर्जननी व्हिटॅमिन डीची पावडर लिहून दिलीय, तीही घ्यायला ती घाबरते. 'कॅल्शियम आधीच जास्त, त्यात हे कशाला?' म्हणते. तिला कसं समजवावं?

प्रतिसाद १

माझ्या मिस्टरांचं झालंय. तुम्ही पहिला आठवडा पुण्यातच राहा, घाई करू नका. आमचं कॅल्शियम ऑपरेशनच्या दिवशी छान होतं, तिसऱ्या दिवशी सर्वांत खाली गेलं. सुरुवात ओठांभोवती मुंग्या येण्याने झाली, मग बोटांची टोकं बधिर. जेवताना म्हणाले, 'भाकरी हातात आहे पण कळतच नाहीये.' सर्जननी आधीच सांगून ठेवलं होतं, त्याप्रमाणे कॅल्शियमची जादा गोळी दिली आणि लगेच फोन केला. तुम्हीही असा डोस आधीच कागदावर लिहून घ्या, आणि रात्री फोन कुणाला करायचा तेही. गोळ्या घेऊनही बोटं वाकडी होऊ लागली, पेटके आले, तर घरी थांबायचं नाही, शिरेतून कॅल्शियम द्यावं लागतं. आवाज थोडे दिवस बसला होता, हळूहळू सुटला.

प्रतिसाद २

मी भूलतज्ज्ञ आहे. ताई, आईंना सांगा की त्यांचं कॅल्शियम दुधामुळे वाढलेलं नाही, ते हाडांतून निघतंय. आहारातलं कॅल्शियम फार तोडलं तर पीटीएच आणखी चढायला वाव मिळतो. नेहमीचं दूध-दही चालू द्या, पाणी भरपूर. डी कमी असताना ऑपरेशन झालं तर नंतरची घसरण जास्त त्रास देते, म्हणून ते आधी भरून काढतात. डोस मात्र सर्जननी दिला तेवढाच, आणि मधे कॅल्शियम तपासत राहायचं.

आईंना बीपीची गोळी आहे का? पाकिटावर हायड्रोक्लोरोथायझाइड लिहिलेलं असेल तर सर्जनना आवर्जून सांगा. त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि लघवीतलं कमी होतं. चोवीस तासांच्या लघवीची तपासणी झाली नसेल तर तीही विचारा. काही घराण्यांत रक्तातलं कॅल्शियम जन्मतःच जास्त असतं आणि लघवीत कमी उतरतं, त्यांना ऑपरेशनचा उपयोग नसतो. मुतखडे पाहता इथे तसं वाटत नाही, पण खात्री झालेली बरी. रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर कधी थांबवायच्या, हे विचारूनच ठरवा.

पीटीएच रक्तात काही मिनिटांतच निम्मं होतं, त्यामुळे गाठ काढल्यावर टेबलावरच तपासून बघता येतं. दहा मिनिटांत ते निम्म्यावर आलं की बिघडलेली ग्रंथी निघाली असं समजतात. ही सोय तिथे आहे का, विचारा.

घरी कॅल्शियम कार्बोनेट असेल तर जेवणाबरोबर द्या. थायरॉईडची गोळी चालू असेल तर त्यात आणि कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर हवं, लोहाची गोळीही कॅल्शियमबरोबर देऊ नका. गोळ्या घेऊनही मुंग्या जात नसतील तर मॅग्नेशियम तपासायला सांगा. आणि ऑपरेशननंतर मानेला वाढती सूज आली, श्वास अडकल्यासारखा झाला, तर फोनाफोनी न करता थेट जवळच्या मोठ्या दवाखान्यात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. बीपीचं पाकीट पाहिलं, हायड्रोक्लोरोथायझाइड आहे! गोळी मनाने बंद करत नाही, उद्या सकाळी सर्जनना फोन करते, लघवीच्या तपासणीचंही तेव्हाच विचारते. कोथरूडला मामेबहीण आहे, तिच्याकडे आठवडाभर राहायचं ठरवलं. भूलतज्ज्ञांचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. दूध घ्यायला तयार झालीय, पावडरीचं मात्र 'डॉक्टरांना परत विचार' म्हणते.

साठीच्या पुढच्या कुणाचं झालं असेल तर एवढं सांगा: कॅल्शियमच्या गोळ्या किती महिने चालल्या, आणि जमिनीवर बसणं-उठणं पुन्हा जमू लागलं का?