किर्शनरच्या बर्लिनमधल्या बायका: कणव की तिरस्कार?

अबोली:
जर्मन चित्रकार अर्न्स्ट लुडविग किर्शनरने १९१३ ते १९१५ या काळात रंगवलेली बर्लिनच्या रस्त्यांची चित्रं बायकांना तुच्छ लेखतात, असं बरेचदा वाचायला मिळतं. मला ते अजिबात पटत नाही. 'पॉट्सडॅमर प्लात्झ' (१९१४) बघा. पुरुषभर उंचीचं चित्र. रस्त्यातल्या गोल बेटावर दोन वेश्या उभ्या आहेत, एकीच्या तोंडावर विधवा घेतात तसला काळा जाळीदार पडदा. रस्ता हिरवा, चेहऱ्यांवरही तीच हिरवट झाक. मागे काळ्या कपड्यांतले पुरुष, सगळे एका छापाचे, पाय कात्रीसारखे फाकलेले. या चित्रात माणूस म्हणून दिसतात त्या या दोघीच.

कोरा कागद:
साफ असहमत. त्यांचे चेहरे म्हणजे मुखवटे आहेत, आत कुणी राहतच नाही. बर्लिनला आल्यावर किर्शनरची गाठ एर्ना आणि गेर्डा शिलिंग या बहिणींशी पडली. दोघी रात्रीच्या क्लबात नाचणाऱ्या. त्याच्या त्या काळातल्या लांबोडक्या, टोकदार बायका बऱ्याच अंशी त्यांच्यावरूनच बेतलेल्या. एर्ना तर त्याची जन्माची जोडीदार झाली. घरच्या बाईचंच अंग घेऊन बाजारात उभी केलेली बाई रंगवायची, यात कणव कुठे आली?

शाईवाला:
जरा फटकाऱ्यांकडे बघा. तो रस्त्यात उभ्या उभ्या वहीत झरझर रेखाटनं करायचा आणि तीच घाई तैलरंगात आणायचा. तिरके, तुटक फटकारे, एकाला एक खेटून. कोटाच्या फरवर तेच, टोपीच्या पिसांवर तेच, पुरुषाच्या पाठीवर आणि फुटपाथवरही तेच. बाईसाठी वेगळी रेघ नाही. १९०५ मध्ये ड्रेस्डेनला 'ब्रुके' हा चित्रकारांचा गट काढणाऱ्यांतला हा माणूस पुढे तिथल्या तळ्यांकाठी मोकळी, उघडी शरीरं रंगवत होता. १९११ मध्ये तो बर्लिनला आला आणि रेघ धारदार झाली. हे त्या शहराचं काम.

कोरा कागद:
शहरावर ढकललं की चित्रकार सुटला? त्याच बर्लिनमधले बार, कॅफे, नाचघरं चित्रकार जीन मामेनने विसाच्या दशकात रंगवली. तिच्या जलरंगांतल्या बायका एकमेकींशी बोलतात, कंटाळतात, एकमेकींना बिलगून नाचतात. गिऱ्हाईक येईल म्हणून ताटकळत नाहीत.

शाईवाला:
मामेनबद्दल +१.

अबोली:
मामेन मलाही फार आवडते. पण मधे अख्खं पहिलं महायुद्ध होऊन गेलं, ते विसरून तुलना कशी करायची? किर्शनर १९१५ मध्ये सैन्यात गेला आणि मनाने पार खचून बाहेर पडला. त्याच वर्षीच्या आत्मचित्रात तो गणवेशात आहे आणि उजवा हात मनगटापासून तुटलेला दाखवलाय. प्रत्यक्षात हात शाबूत होता. स्वतःलाही न सोडणाऱ्या माणसाला बायकांचा तिरस्कार होता, असं मी म्हणू शकत नाही. शिवाय १९३७ मध्ये नाझींनी 'अधःपतित' ठरवून त्याच्या सहाशेच्या वर कलाकृती संग्रहालयांतून काढून नेल्या, पुढच्या वर्षी त्याने दाव्होसजवळ आत्महत्या केली.

कोरा कागद:
नाझींनी केलं ते भयंकरच. त्याने त्याची बायकांकडे बघायची नजर निर्दोष ठरत नाही. आणि आत्मचित्राचं म्हणाल तर त्यात मागे एक नग्न मॉडेलही उभी आहे. गणवेश, जखम, चेहरा, सगळं त्याच्या वाट्याला. तिच्यावर काय गुदरलं हे सांगणारी एक रेघ त्या चित्रात दाखवा, मी माझं म्हणणं मागे घेते.