वाहतूक समितीवर तज्ज्ञ नेमताना एच-इंडेक्स बघायचा?

पाषाणकर:
काल इथेच एकाने लिहिलं की शहराच्या वाहतूक समितीवर येणाऱ्या तज्ज्ञाचा एच-इंडेक्स किमान ३० हवा, म्हणजे त्याच्या किमान ३० पेपरांचा प्रत्येकी किमान ३० वेळा इतर पेपरांत उल्लेख (उद्धरण) झालेला हवा, ‘ज्याला जग उद्धृत करत नाही त्याने पुण्याला शिकवू नये’. डोकं तापलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

वाहतुकीच्या संशोधनात आज उद्धरणं जमतात कुठे? पुढच्या पंधरा मिनिटांत रस्त्यावर किती गाड्या येतील हे डीप लर्निंगने सांगण्यात. त्यातले ढीगभर पेपर कॅलिफोर्नियाच्या फ्रीवेवरच्या त्याच त्या तयार डेटावर एकमेकांशी शर्यत लावतात. तिथे लेन पाळणाऱ्या गाड्या आणि जमिनीत पुरलेले लूप, म्हणजे वरून गेलेली गाडी मोजणारी तारेची वेटोळी. सिंहगड रोडला संध्याकाळी सात वाजता लेन शोधून दाखवा! उलट आपल्याकडे शहरी रस्त्याची क्षमता काढायची तर आयआरसी १०६ ही इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका उघडावीच लागते, आणि २०१७चं इंडो-एचसीएम हे भारतीय रस्त्यांच्या क्षमतेचं हँडबुक. ती लिहिणाऱ्यांना गूगल स्कॉलरवर कोण शोधतं? संशोधनाचं मोजमाप कसं करावं यावरच्या २०१५च्या लायडन जाहीरनाम्यातही स्थानिक गरजेचं संशोधन जपा, असं स्वतंत्र तत्त्व आहे.

सांख्यिकी_मास्तर:
३०चा आकडा माझा. समित्यांवर माणसं कशी बसतात ते मी जवळून पाहिलंय. कोण कोणाचा वर्गमित्र, कोणाचं कोणाकडे येणं-जाणं. उद्धरण निदान परक्या माणसाने दिलेलं असतं.

आणि पेपर कागदावरच राहतात असा तुमचा सूर आहे, तो साफ चूक. मिनेसोटा विद्यापीठाच्या मिखालोपुलोस यांचा १९९१चा ऑटोस्कोपवरचा पेपर बघा. लूपसाठी रस्ता खणण्याऐवजी कॅमेऱ्याच्या चित्रातून वाहन ओळखायचं. पेपर त्यांचा, यंत्रही त्यांचंच, आणि ते विकलं गेलं, चौकाचौकांत बसलं. लेनचं म्हणाल, तर हैदराबादच्या ट्रिपल आयटीने हैदराबाद-बंगळुरूच्या रस्त्यांवरची दहा हजार चित्रं संगणकाला रस्ता ओळखायला शिकवण्यासाठी खुली केली, त्यात रिक्षाला स्वतंत्र वर्ग आहे. तुमचा आक्षेप संशोधकांनी पेपर लिहूनच दूर केला.

पाषाणकर:
ऑटोस्कोप मान्य. पण ते मोठं ठरलं रस्त्यावर टिकलं म्हणून. उद्धरणं मोजली नसती तरी ते तेवढंच मोठं असतं.

कर्वे_रोडची_रहिवासी:
दोघेही गाड्याच मोजताय. त्या आयआरसी १०६ मध्ये प्रत्येक वाहनाचा भार मोटारीच्या पटीत दिलाय: मोटार १, दुचाकी ०.५ ते ०.७५, रिक्षा १.२ ते २. पायी चालणाऱ्याला किती? त्या तक्त्यात त्याची ओळच नाही. टॉमटॉम या नकाशा कंपनीच्या २०२४च्या संथ वाहतुकीच्या यादीत पुणे जगात चौथं आलं, दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं, म्हणून केवढा गहजब झाला. तीही मिनिटं गाडीत बसलेल्यांचीच.

माझी आई ७४ वर्षांची. सिग्नल सुटतो तेव्हा ती निम्म्या रस्त्यात असते. मग दुभाजकाला धरून उभी, पुढून-मागून दुचाक्या. आता तिने पलीकडच्या भाजीवाल्याकडे जाणंच सोडलंय. तिचा ‘विलंब’ कोणत्या पेपरात आला?

निवृत्त_सिग्नलवाला:
ताई, दुखणं जुनं आहे. वेबस्टरने १९५८ साली सिग्नलच्या वेळा काढायचं सूत्र दिलं, त्यात वाहनांचा सरासरी विलंब कमीत कमी करायचा असतो. चौकावरचा भार क्षमतेच्या जवळ गेला की सूत्रातला छेद शून्याकडे सरकतो आणि सिग्नलची सायकल, म्हणजे लाल-हिरव्याची एक पूर्ण फेरी, लांबतच जाते. आपले चौक कायम तिथेच असतात. सायकल लांबली की पादचारी ताटकळतो, आणि ताटकळला की लाल-हिरवं न बघता घुसतो. पुढे रहदारी बघून सिग्नल चालवणाऱ्या प्रणाली आल्या, इंग्लंडचं स्कूट, सिडनीचं स्कॅट्स, वेळा आपोआप बदलू लागल्या. पण डिटेक्टरला दिसतं ते मुख्यतः वाहन.

ओलांडायचा हिशेब सहसा सेकंदाला १.२ मीटर चालीवर करतात. म्हणजे १८ मीटरचा रस्ता १५ सेकंदांत. गुडघे दुखणारं माणूस ०.८ने चाललं तर साडेबावीस लागतात. ते साडेसात सेकंद द्या म्हणून मी नोकरीत भांडलोय. उत्तर एकच यायचं, रांग वाढेल.

धनकवडीचा_दुचाकीस्वार:
पादचारी बिचारे आणि आम्ही राक्षस? भर रस्त्यात मोबाईल कानाला लावून माणसं आडवी येतात. मागच्या पावसाळ्यात अशाच एकाला वाचवताना मी पडलो, मनगट मोडलं. तो वळूनही न बघता निघून गेला. त्याला शिस्त कोण लावणार?

कर्वे_रोडची_रहिवासी:
मनगटाचं ऐकून वाईट वाटलं. पण फूटपाथवर दुचाक्या उभ्या, उरलेल्या फूटपाथवरून दुचाक्या चालतात. माणसाने चालायचं कुठे, हवेतून? शिस्तीची भाषा आधी आपल्या चाकांना लावा.

धनकवडीचा_दुचाकीस्वार:
सगळ्यांना एका माळेत ओवू नका. मी आजवर फूटपाथवर गाडी चढवलेली नाही.

सांख्यिकी_मास्तर:
विषयावर या. पादचाऱ्यांवर संशोधन नाही हे चूक आहे. हेल्बिंग आणि मोल्नार यांचं १९९५चं सोशल फोर्स मॉडेल पादचारी एकमेकांना टाळत कसे चालतात याचंच, आणि त्याला हजारो उद्धरणं आहेत.

कर्वे_रोडची_रहिवासी:
हजारो उद्धरणं, आणि आईच्या सिग्नलला सेकंद किती वाढले ते सांगा.

सांख्यिकी_मास्तर:
ते संशोधकाच्या हातात नसतं. बरं, ३०चा हट्ट सोडतो. पण मग निवडायचं कशावर? ‘रस्त्यावर काम केलंय’ असं तर प्रत्येक जण सांगतो.

पाषाणकर:
एक चौक दाखवावा. आधी काय होतं, नंतर काय झालं, त्याची मोजणी.

सांख्यिकी_मास्तर:
आणि ती मोजणी खरी की खोटी हे ठरवायला दुसरा संशोधकच लागेल. पेपर त्यासाठीच असतात, एवढंच मी कालपासून सांगतोय.

निवृत्त_सिग्नलवाला:
मोजणीच्या तक्त्यात पादचाऱ्याचा रकाना पहिला घाला. नाहीतर पुन्हा रांगेची लांबीच मोजाल आणि सुधारणा झाली म्हणाल.

कर्वे_रोडची_रहिवासी:
शनिवारी सकाळी नळस्टॉपला कोणी येणार असेल तर वही घेऊन मी येते.

धनकवडीचा_दुचाकीस्वार:
मी येतो. सिग्नल तोडून आडवे येणारेही मोजायचे, हे आत्ताच ठरवा.