मदत हवी आहे: तळ्यातले जिवाणू फ्लो सायटोमीटरवर मोजायला कसं शिकवायचं?

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. पुढच्या महिन्यात सहा संशोधक विद्यार्थ्यांना दोन दिवसांत फ्लो सायटोमीटर (पेशी एकेक करून लेझरसमोरून नेऊन मोजणारं मशीन) शिकवायचं माझ्या गळ्यात पडलंय. मशीन आमचं नाही. तिथे सकाळभर रक्ताचे नमुने चालतात, आम्हाला दुपारचे तीन तास मिळतात.

गेल्या आठवड्यात रंगीत तालीम केली. पहाटे हिप्परगा तलावातून पाणी आणलं, सायबर ग्रीनने (डीएनएला चिकटून हिरवा चमकणारा रंग) रंगवलं, लावलं, तर पडद्यावर नुसता कचरा. ट्रिगर (मशीनने कशाला पेशी समजून नोंदवायचं ती खूण) फॉरवर्ड स्कॅटरवर, म्हणजे पेशीच्या आकारानुसार पुढे विखुरणाऱ्या प्रकाशावर, रक्तासाठी लावलेला! रक्तातली लिम्फोसाइट पेशी सात-आठ मायक्रॉनची, आमचे जिवाणू जेमतेम अर्ध्या मायक्रॉनचे. हिरव्या फ्लुरोसन्सवर ट्रिगर घेतला तेव्हा कुठे ठिपक्यांचा पुंजका दिसला.

मग एकाच बाटलीतलं पाणी तिघांना दिलं. तिघांचे तीन आकडे, मोठा लहानाच्या चौपट. शेवटी ०.२ मायक्रॉन फिल्टरने गाळलेलं पाणी रंग घालून लावलं, तर त्यातही ठिपके! शीथ फ्लुइडचा (नमुन्याभोवती वाहणाऱ्या द्रवाचा) डबा कधी बदलला होता, देव जाणे. तिघांपैकी कुणीही ब्लँक (असं जिवाणू नसलेलं पाणी) लावला नव्हता. मीही सांगितलं नव्हतं, हे कबूल.

इतक्या कमी वेळात आधी काय शिकवू? आणि आकड्यांतला हा फरक कुठून येतो?

प्रतिसाद:
ताई, पहिला दिवस सॉफ्टवेअरवर घालवू नका. रोज सुरुवातीला १ मायक्रॉनचे मणी लावून ठिपके कालच्याच जागी पडतात का ते बघायला लावा. मग तीन नळ्या: गाळलेलं पाणी अधिक रंग, बिनरंगाचा नमुना, रंगवलेला नमुना. बिनरंगाची नळी टाळू नका, नीलहरित शैवाल रंगाशिवायच लाल चमकतं. उजनीचं हिरवं पाणी आणणार असाल तर आधी बारीक जाळीतून गाळा. मायक्रोसिस्टिसचा गोळा एकतर नळी तुंबवतो, नाहीतर शेकडो पेशी असून एकच ठिपका म्हणून मोजला जातो.

फरकाबद्दल: तिघांनी नमुना सारखाच पातळ केला होता का? नसेल तर एकच नमुना १०पट आणि १००पट पातळ करून बघा.

धागाकर्ती:
बघितलं. १०पट आणि १००पटचा हिशेब जुळला, पातळ न केलेल्याचा आकडा मात्र खूपच कमी. दोन-दोन पेशी एकदम लेझरसमोरून जात होत्या, मशीन त्यांना एक समजत होतं. सगळ्यात कमी आकडेवाला पठ्ठ्या पाणी थेट लावत होता!

आता दोनच अडचणी. उरलेल्या दोघांचे गेट (कोणते ठिपके मोजायचे ती पडद्यावरची चौकट) हाताने काढलेले, एकाचा ऐसपैस, दुसऱ्याचा चिमटीएवढा. सगळ्यांना एकच साचा देऊ, की आधी भांडू देऊ? दुसरं, बाहेर ४२ अंश. तलावावरच ग्लुटाराल्डिहाइड (पेशी टिकवणारं रसायन) घालून बर्फात आणलं तर संध्याकाळपर्यंत नमुना टिकेल का? नमुना गोठवायला द्रवरूप नायट्रोजन आमच्याकडे नाही.