‘गरम कोशिंबीर’ म्हणता येईल का?

शब्दवेडी: इंडोनेशियातल्या गाडो-गाडोच्या कृतीचं भाषांतर करतेय. कोबी, चवळीच्या शेंगा, मोड आलेले मूग उकळत्या पाण्यातून काढायचे, सोबत उकडलेला बटाटा, अंडं, टोफू. वरून दाणे, मिरची, चिंच आणि ताडगूळ एकत्र वाटून ओतायचं. मूळ मजकुरात ‘वॉर्म सॅलड’ आणि ‘नटी ड्रेसिंग’ आहे. मी ‘गरम कोशिंबीर’ आणि ‘दाणेदार वाटण’ लिहिलं. संपादकांनी दोन्हींवर काट मारली. दाणेदार म्हणजे रवाळ, चांगल्या तुपासारखं, हे पटलं. पण कोशिंबीर गरम नसतेच, हे पटत नाही.

विळी: संपादकांचं बरोबर आहे. कोशिंबीर कच्च्याची. भाजलं-उकडलं की भरीत. लाल भोपळा उकडून दह्यात कालवला तर आमच्याकडे भरीतच म्हणतात.

वऱ्हाडी: त्याला आम्ही रायतं म्हणतो. आणि बिटाचं काय? बीट उकडूनच घेतात की, तरी कोशिंबीरच.

विळी: उकडून गार करतात. काकडी चोचवताना हातात धरून सुरीनं उभे-आडवे घाव घालायचे, पाणी सुटायच्या आत कूट आणि फोडणी. कोशिंबिरीत तो करकरीतपणा हवा. माझ्यासाठी तोच शब्दाचा अर्थ आहे.

अमरकोश: ‘नटी’ला ‘कवचफळयुक्त’ वापरा. सरळ ‘नटी’ लिहिलंत तर वाचकाला नाटकातली बाई दिसेल.

सोलापूरकर: शेंगदाणा कवचफळ कधीपासून? तो शेंगेतला, डाळी-कडधान्यांच्या कुळातला. भुईमूग या नावातच मूग आहे, आपल्या लोकांना ते केव्हाच कळलं होतं. असले घडवलेले शब्द स्वयंपाकघरात कुणी उच्चारत नाही.

अमरकोश: उच्चारले नाहीत म्हणून घडवायचेच नाहीत का? एकेकाळी ‘महापौर’ही नवाच होता.

जवस: ‘खमंग’ आहे ना! खमंग काकडीत दाण्याचं कूटच असतं.

विळी: बेसन भाजलं तरी खमंग वास सुटतो, त्यात दाणा कुठाय? खमंग भाजण्यातून येतं. कच्चा काजू खमंग लागत नाही.

सोलापूरकर: मग दाण्याचं म्हणायला लाजायचं कशाला? आमच्याकडे दाण्याचा म्हाद्या आहे, झिरकं आहे. ‘दाण्याचं झिरकं घातलेल्या भाज्या’ लिहा.

वऱ्हाडी: झिरकं पातळ असतं, हे दाट आहे. ‘कालवण’ म्हणा, कालवतातच ना.

सोलापूरकर: कालवण म्हटलं की माझ्या ताटात रस्सा येतो, बहुतेक वेळा मटणाचा. ते सोडा.

शब्दवेडी: वाटणच ठेवते. तिकडे उथळ दगडी खलात दाणे वाटतात, म्हणून शब्द बसतो. एक गंमत सांगायची राहिली. जाकार्ताच्या बेतावी बोलीत ‘गाडो’ म्हणजे भाताशिवाय नुसतंच तोंडीलावणं खाणं. याला आपल्याकडे एका शब्दात काय म्हणतात?

जवस: शब्द नाही, पण त्यावरचं रागावणं पाठ आहे. आजी म्हणायची, “नुसती भाजी खाऊ नकोस, भाकरीला लाव.”

सोलापूरकर: आमची आजी विचारायची, “आज कोरड्यास काय केलंय?” कोरड्या भाकरीला लावायचं ते कोरड्यास. फार अचूक शब्द. माझ्या मुलांना तो कळत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

विळी: कोरड्यास म्हणजे सुकी भाजी ना?

सोलापूरकर: उलट! कोरड्याला ओलं हवं म्हणून पातळ भाजी, आमटी.

जवस: माझं आजोळ साताऱ्याकडचं. तिथं वांग्याची सुकी भाजीसुद्धा कोरड्यासच. पातळच असायला हवं, असं कुणी म्हणालेलं मी ऐकलं नाही.

सोलापूरकर: उद्या आईला फोन करून विचारतो.