आजाऱ्यासाठीच्या प्रार्थनेत 'भोग' चालेल का?

अनुवादक: आजाऱ्यांसाठीची एक प्रार्थना मराठीत आणतो आहे. 'आमच्या भावाचे भोग हलके कर' असं लिहिलं, तर आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी 'भोग' खोडून 'क्लेश' केलं. म्हणाले, भोग म्हटलं की मागचं पाप आलंच. माझी आजी तर कुठल्याही दुखण्याला भोगच म्हणायची.

शब्दप्रेमी: बरोबर खोडलं. बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायात जन्मांधाला पाहून येशूचे शिष्य विचारतात, पाप कोणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? येशू दोन्ही नाकारतो. 'भोग' लिहून तुम्ही तोच प्रश्न आजाऱ्याच्या उशाशी नेऊन ठेवता.

बोलीवाला: असहमत. 'आलिया भोगासी असावे सादर' म्हणणारे तुकोबा पुढे भार देवावरच घालतात. बायबलातलं पेत्राचं पहिलं पत्रही चिंता देवावर टाकायलाच सांगतं. 'काय हे भोग!' म्हणणारी बाई कर्माचा हिशोब मांडत नसते. वापरानं शब्द धुतला जातो.

शब्दप्रेमी: इतका सहज नाही धुतला जात. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणलं, तेव्हा जुन्या धर्मकल्पना चिकटलेले संस्कृत शब्द मुद्दाम टाळले. १९२१मध्ये त्यांची मुलगी वारली, १९२२मध्ये त्या स्वतः. दुःखाचा अर्थ त्यांना कोशात शोधावा लागला नसेल.

मुळाक्षर: 'दुःखसहन' घ्या की. ख्रिस्ताच्या यातनांना आपण तेच म्हणतो. शिवाय 'सह्' धातूचा वैदिक अर्थ नुसतं सोसणं नाही, जिंकणंही आहे. सहस् म्हणजे बळ!

बोलीवाला: धातू वेदात राहू दे. अंथरुणावरच्या माणसाला 'सहन कर' म्हटलं की 'गप्प राहा' असंच ऐकू येतं. बायबलातलं याकोबाचं पत्र अतोनात दुःख सोसणाऱ्या ईयोबाचा धीर वाखाणतं खरं, पण ईयोब गप्प कुठे होता? ईयोबाच्या पुस्तकाच्या ३ऱ्या अध्यायात तो आपल्या जन्मदिवसालाच शाप देतो. आणि बायबलातलं २२वं स्तोत्र तर क्रुसावर येशूच्याच तोंडी आहे, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' हाही विश्वासच.

मुळाक्षर: अशा बोलण्याला मराठीत काय म्हणायचं? 'तक्रार' कचेरीतली वाटते. 'गाऱ्हाणं'?

शब्दप्रेमी: 'विलाप' आहे ना! विलापगीत नावाचं अख्खं पुस्तक आहे बायबलात. गाऱ्हाणं माणसाकडे नेतात.

बोलीवाला: माणसाकडे 'नेतात', देवापुढे 'घालतात'. विलापाला समोर कोणी नसलं तरी चालतं. ईयोबानं गाऱ्हाणंच घातलं.