टिंगल खरी, पण जीव लावून केलेली
'क्रूझिंग विथ रूबेन अँड द जेट्स' (1968) हा अल्बम म्हणजे अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झॅपाने केलेली डू-वॉपची (1950च्या दशकातल्या, अनेक आवाजांत गायच्या प्रेमगीतांची) निव्वळ टवाळी असं म्हणतात, ते काही पटलं नाही बुवा. टवाळी आहेच, शब्द मुद्दाम बाळबोध, मुखपृष्ठावर कुत्र्याच्या तोंडाची मंडळी. पण याच माणसाने त्याच्या बँडचा गायक रे कॉलिन्स याच्याबरोबर 1963च्या सुमारास पेंग्विन्स या डू-वॉप गटासाठी मनापासून डू-वॉप गाणं लिहिलं होतं. जीव होता त्याचा त्या गाण्यांवर! या अल्बममधल्या 'फाउंटन ऑफ लव्ह' गाण्याच्या शेवटी रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कीच्या 'राइट ऑफ स्प्रिंग' या बॅलेची सुरावट हळूच डोकावते, हेडफोन लावून ऐका. फक्त या अल्बमची 1980च्या दशकातली सीडी टाळा, तिच्यात बास आणि ड्रम्स नव्याने वाजवून घातलेत. मूळ मिक्स 2010च्या 'ग्रीसी लव्ह साँग्ज' या अल्बमवर मिळेल.